बर्लिनच्या भिंती कशा पाहाव्यात : रस्त्यावरील चित्रकलेची ओळख करून घेणाऱ्या प्रवाशासाठी

बर्लिनमध्ये रस्त्यावरची चित्रे शोधण्यासाठी कष्ट घ्यावे लागत नाहीत. लोहमार्गाच्या कडेच्या भिंती, पुलांचे खांब, जुन्या घरांची दारे, दुकानांची शटर्स आणि सिग्नलचे खांब यांवर कुठे ना कुठे रंग, कागद किंवा स्टिकर असतोच. कष्ट पडतात ते एवढ्या गर्दीतून काय पाहायचे आणि कसे पाहायचे हे ठरवताना. पुष्कळ पर्यटक बर्लिन भिंतीच्या उरलेल्या भागावरील ईस्ट साइड गॅलरीला तासभर देतात, सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांच्या चुंबनाच्या चित्रासमोर छायाचित्र काढतात आणि पुढच्या स्थळाकडे निघतात. त्यात गैर काही नाही, पण या कलेची ओळख त्यातून फारशी होत नाही.

कलादालनात चित्राशेजारी चित्रकाराचे नाव, वर्ष आणि माध्यम सांगणारी पाटी असते. रस्त्यावर ती सहसा नसते, म्हणून तीच माहिती आपल्याला भिंतीवरून आणि परिसरावरून गोळा करावी लागते. माझ्या मते या कलेचा आस्वाद घ्यायला शिकणे म्हणजे मुख्यतः ही सवय लावून घेणे होय. चित्र सुंदर आहे का हा प्रश्न थोडा मागे ठेवावा आणि आधी विचारावे की ही भिंत कोणाची आहे, इथे रंगवायला कोणी सांगितले किंवा कोणी मना केले होते, रंगवणाऱ्याचा हात इथवर कसा पोहोचला आणि नंतर काळाने व इतर लोकांनी या चित्राचे काय केले. पुढील सर्व सूचना याच चार प्रश्नांभोवती फिरतात.

निघण्यापूर्वी : दोन प्रकारच्या भिंती

इतिहासाचा जाड ग्रंथ वाचून जाण्याची गरज नाही, परंतु दोन प्रकारच्या भिंतींविषयी थोडी माहिती असल्यास पहिल्या दिवसापासून नजर बदलते.

पहिली अर्थातच ‘ती’ भिंत. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीने पश्चिम बर्लिनभोवती कुंपण घालायला सुरुवात केली आणि पुढे त्याची काँक्रीटची भिंत झाली. तिच्या शेवटच्या पिढीतील काँक्रीटचे ठोकळे ३.६ मीटर उंच आणि १.२ मीटर रुंद होते. पश्चिमेकडून पाहिल्यास ती एक लांबलचक, गुळगुळीत, रिकामी पृष्ठभूमी होती. मात्र प्रत्यक्ष सीमारेषा भिंतीच्या थोडी अलीकडे, पश्चिमेच्या बाजूला होती. त्यामुळे भिंतीला टेकून रंगवणारा माणूस पश्चिम बर्लिनमध्ये राहत असला, तरी त्या क्षणी पूर्व जर्मनीच्या जमिनीवर उभा असे आणि सीमारक्षक त्याला पकडू शकत. १९८४ मध्ये तिएरी न्वार आणि क्रिस्तोफ बुशे या फ्रेंच चित्रकारांनी या भिंतीवर मोठ्या प्रमाणात रंगवायला सुरुवात केली. न्वारची लांब नाकाची, जाड ओठांची, सपाट रंगातील डोकी बालिश वाटतात, परंतु त्यांचा साधेपणा घाईतून आलेला आहे. दोन कल्पना, तीन रंग आणि लवकर पळ काढणे, असे त्याचे सूत्र होते. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंग याने चेकपॉइंट चार्ली या सीमेवरील नाक्याजवळ एकमेकांत गुंतलेल्या मानवाकृतींची सुमारे शंभर मीटरची साखळी जर्मन ध्वजाच्या काळ्या, लाल आणि पिवळ्या रंगांत रंगवली, आणि थोड्याच काळात इतरांनी तिच्यावर आपले रंग चढवले.

पूर्वेकडील बाजू मात्र रिकामीच राहिली, कारण तिथे ब्रश घेऊन जाणे म्हणजे जिवाशी खेळ होता. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी सीमा खुली झाली आणि पुढच्याच वर्षी एकवीस देशांतील ११८ चित्रकारांनी म्यूलेनश्ट्रासे या रस्त्याकडेच्या भिंतीचा पूर्वेकडे तोंड असलेला भाग रंगवला. हीच ईस्ट साइड गॅलरी. तिथली अनेक चित्रे कलाकृती म्हणून साधारण आहेत असे मला वाटते, परंतु जिथे एक वर्षापूर्वी हात लावणे अशक्य होते तिथे ती उमटली आहेत, हे लक्षात ठेवल्याशिवाय त्यांचा आनंदी भडकपणा समजत नाही.

दुसरी भिंत म्हणजे घरांची आंधळी बाजू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर बांधलेल्या बर्लिनच्या चाळवजा इमारती एकमेकींना खेटून उभ्या केल्या जात आणि आग पसरू नये म्हणून मधल्या बाजूच्या भिंतींना खिडक्या ठेवल्या जात नसत. छताच्या कडेची उंची बहुतेक ठिकाणी २२ मीटरवर मर्यादित केलेली होती. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात शेजारची इमारत कोसळली की ही बिनखिडक्यांची भिंत उघडी पडे, आणि विभागलेल्या शहरात अशा पुष्कळ मोकळ्या जागा पुन्हा बांधल्या गेल्याच नाहीत. आज ज्यांवर पाच-पाच मजली चित्रे दिसतात, त्या भिंतींपैकी बऱ्याच अशा उघड्या पडलेल्या आहेत. मोठे चित्र दिसले की त्याच्या पायथ्याची मोकळी जागा आधी पाहावी. तिथे पूर्वी घर असण्याची शक्यता मोठी, आणि उद्या पुन्हा घर उभे राहिले तर चित्र झाकले जाईल हेही उघड आहे.

प्रकार ओळखण्याइतके शब्द

पारिभाषिक शब्दांची मोठी यादी पाठ करण्यात अर्थ नाही. टॅग म्हणजे एका रंगात, एका दमात केलेली सही. थ्रो-अप म्हणजे दोन रंगांत पटकन उरकलेली फुगीर अक्षरे. पीस म्हणजे वेळ काढून, छटा आणि बाह्यरेषा देऊन रंगवलेले नाव. या तिन्हींचा विषय रंगवणाऱ्याचे नाव हाच असतो आणि प्रेक्षक मुख्यतः त्याच वर्तुळातील इतर लोक असतात. स्टेन्सिल, पेस्ट-अप म्हणजे कागदावर करून आणून खळीने चिकटवलेले चित्र, स्टिकर आणि भले मोठे भित्तिचित्र हे प्रकार मात्र रस्त्याने जाणाऱ्या कोणाशीही बोलतात. एवढी विभागणी सुरुवातीला पुरते.

नवख्या प्रेक्षकाला टॅग सर्वांत कमी आवडतात, आणि ते आवडून घेतलेच पाहिजेत असा माझा आग्रह नाही. तरीही एक प्रयोग करून पाहावा. पहिल्या दिवशी सकाळी कोणताही एक टॅग निवडावा, तो वहीत उतरवून घ्यावा आणि दिवसभर त्याच हाताची सही शोधत राहावे. संध्याकाळपर्यंत ती दारावर, पोस्टाच्या पेटीवर, स्थानकाच्या जिन्यात आणि एखाद्या अशक्य वाटणाऱ्या छज्जाखाली सापडते. मग लक्षात येते की तिचे मोल अक्षराच्या वळणाइतकेच जागेच्या निवडीतही आहे. ‘वन-अप’ हा बर्लिनमधील गट याच कारणाने शहरभर ठाऊक आहे. त्याचे नाव इतक्या छपरांच्या कडांवर दिसते की नुसते वर पाहत चालले तरी तो भेटत राहतो.

छोट्या गोष्टींसाठी नजर खाली आणि वर दोन्हीकडे ठेवावी लागते. रस्त्यांच्या नावांच्या पाट्यांवर उभी असलेली बुचाच्या लाकडाची बोटभर माणसे हे याचे उत्तम उदाहरण आहे. जोसेफ फोस या बर्लिनच्या योगशिक्षकाने ती ठेवायला सुरुवात केली आणि प्रत्येक बाहुली एखाद्या आसनात असते. भारतीय वाचकाला आसन ओळखता येईल, पण बाहुली दिसण्यासाठी आधी पाटीच्या वरच्या कडेकडे पाहण्याची सवय हवी. एल बोचो या टोपणनावाने काम करणाऱ्या चित्रकाराची ‘लिटल लूसी’ ही खट्याळ मुलगी दर वेळी आपल्या मांजरीला नव्या पद्धतीने मारण्याच्या बेतात असते. ही मालिका कागदावरची असल्यामुळे तिची जुनी चित्रे फाटतात आणि नवी दुसऱ्याच गल्लीत उगवतात.

हात कुठवर पोहोचला?

तंत्र ओळखायला लागलो की पाहण्यात खरी रंगत येते, म्हणून या भागाला वेळ द्यावा. भिंतीपासून हातभर अंतरावर जावे आणि रेषेची कड पाहावी. स्प्रेचा डबा भिंतीच्या अगदी जवळ धरला असेल तर रेषा बारीक आणि ठसठशीत येते, आणि लांब धरला असेल तर कडेला रंगाचे धुके दिसते. हात रेंगाळला की रंग ओघळतो, म्हणून लांब, स्वच्छ आणि न ओघळलेली रेषा म्हणजे वेगवान आणि ठाम हाताची खूण होय. स्टेन्सिलची कड कापल्यासारखी धारदार असते. अक्षरांच्या पोटातील तुकडे गळून पडू नयेत म्हणून साच्यात ठेवलेले जोड चित्रात बारीक फटींच्या रूपाने दिसतात, आणि साच्याच्या बाहेर उडालेल्या रंगाची चौकटही कधी कधी राहून जाते. पेस्ट-अपमध्ये कागदाची कड, सुरकुत्या आणि खालून डोकावणारे जुने कागद शोधावेत. हे चित्र घरी सावकाश तयार करून आणलेले असते आणि रस्त्यावर ते लावायला क्षणभर पुरतो, त्यामुळे त्यात बारीक रेखाटन शक्य होते. घरी किती वेळ गेला आणि रस्त्यावर किती, हे प्रत्येक चित्रापुढे स्वतःला विचारण्यासारखे आहे.

आता दहा पावले मागे जावे आणि उंची पाहावी. छताच्या कडेला लागूनच खाली उतरणारी जाड, सपाट अक्षरे दिसली तर रंगवणारा गच्चीवर पालथा होऊन लांब दांड्याच्या रोलरने काम करत होता असे समजावे. जमिनीपासून माणूस आणि दांडा मिळून जेवढी उंची होते, तेवढ्यावरच थांबणारी अक्षरे खालून रंगवलेली असतात. मोठ्या फवाऱ्यासारखी, कडा विस्कटलेली आणि खूप ओघळ आलेली रेषा बहुधा रंग भरलेल्या अग्निशामक नळकांड्याची असते. आणि बिनखिडक्यांच्या भिंतीवर वरून खालपर्यंत एकाखाली एक उतरणारी लाल-निळी, टोकदार, लिपीसारखी चिन्हे दिसली तर ती ‘बर्लिन किड्झ’ या गटाची असू शकतात. ते छतावरून दोराने लोंबकळत रंगवतात, आणि ब्राझीलमधील साओ पावलो शहराच्या ‘पिशासाँव’ या उभ्या लिखाणपद्धतीचा त्यांच्यावर प्रभाव आहे. या चिन्हांचा अर्थ लागत नाही म्हणून थांबू नये. शरीराने काय केले असेल याची कल्पना करणे हाच ती वाचण्याचा पहिला मार्ग आहे.

पाच मजली भित्तिचित्राचे गणित वेगळे असते. त्यासाठी परांची किंवा यांत्रिक पाळणा लागतो, तो रस्त्यावर उभा करायला परवानगी लागते, म्हणजेच कोणीतरी मालक, संस्था किंवा महोत्सव मागे उभा असतो. खालच्या कोपऱ्यात सही आणि पुरस्कर्त्याचे नाव शोधावे. लहान रेखाचित्र एवढे मोठे करण्यासाठी चौकटी आखण्याची रीत आपल्याकडे हाताने सिनेमाचे फलक रंगवणाऱ्यांनी वर्षानुवर्षे वापरली आहे, आणि जवळून पाहिल्यास या भिंतींवरही कधी आखणीच्या खुणा सापडतात. भारतातील एक उदाहरण जर्मनीशी थेट जोडलेले आहे. दिल्लीत पोलीस मुख्यालयाच्या तेव्हाच्या इमारतीवर २०१४ मध्ये रंगवलेले महात्मा गांधींचे प्रचंड चित्र जर्मन चित्रकार हेन्ड्रिक बाइकिर्श आणि भारतीय चित्रकार अनपू वर्के यांनी मिळून केले होते.

पहिला दिवस : नदीकाठ आणि क्रॉइत्सबर्ग

ओस्टबानहोफ स्थानकावर उतरून ईस्ट साइड गॅलरीला सुरुवात करावी. सुमारे १.३ किलोमीटरची ही भिंत ओबरबाउम पुलाशी संपते. दिमित्री व्रुबेल याचे चुंबनाचे चित्र १९७९ मध्ये पूर्व जर्मनीच्या तिसाव्या वर्धापनदिनाच्या प्रसंगी रेजिस बोसू या छायाचित्रकाराने टिपलेल्या खऱ्या छायाचित्रावरून केलेले आहे. साम्यवादी नेत्यांमध्ये असे अभिवादन रूढ होते, आणि चित्राखालचे वाक्य, ‘देवा, या जीवघेण्या प्रेमातून मला वाचव’ अशा आशयाचे, त्या अभिवादनाला बोचरा अर्थ देते. बिर्गिट किंडर हिची भिंत फोडून बाहेर येणारी पूर्व जर्मन बनावटीची ट्रबांट मोटार आणि कानी अलावी याचे फटीतून लोटणाऱ्या चेहऱ्यांचे चित्र ही दोन्ही निवांत पाहण्यासारखी आहेत. न्वारची डोकीही इथे आहेत आणि आता त्यांचा साधेपणा कुठून आला हे आपल्याला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र येथे आवर्जून लक्षात घ्यावी. ऊन, पाऊस आणि प्रवाशांच्या नावांनी ही भिंत इतकी खराब झाली होती की २००९ मध्ये काँक्रीटची दुरुस्ती करून चित्रकारांना आपापली चित्रे नव्याने रंगवायला बोलावण्यात आले. काहींनी ती पुन्हा केली, काहींनी नकार दिला. म्हणजे आज आपल्यासमोर असलेले व्रुबेलचे चित्र १९९० चे नाही, तर त्यानेच २००९ मध्ये केलेली पुनरावृत्ती आहे. शिवाय हा भाग १९९१ पासून संरक्षित स्मारक आहे. ज्या कलेचा स्वभावच पुसले जाण्याचा, तिला स्मारक करून जपावे का, हा वाद इथे चालता चालता स्वतःशी घालून पाहावा. माझे मत विचाराल तर भिंत जपणे योग्य होते, पण ताज्या रंगामुळे १९९० ची घाई आता दिसत नाही हे नुकसानही खरे आहे.

पुढे ओबरबाउम पुलावरून श्प्रे नदी ओलांडताना समोरच्या काठावरील, म्हणजे क्रॉइत्सबर्ग भागातील, घराच्या भिंतीवर इटालियन चित्रकार ब्लू याची २००७ मधील गुलाबी राक्षसी आकृती शोधावी. लांबून एक देह वाटतो, जवळ गेल्यावर तो शेकडो लहान देहांनी बनलेला दिसतो. या चित्रासाठी पूल हेच योग्य ठिकाण आहे, कारण अंतर बदलत जाते तसतसा अर्थ उलगडतो. श्लेझिशेस टोअर स्थानकाजवळ ओपेल्नर श्ट्रासेवर ‘ओस जेमेओस’ या ब्राझीलच्या जुळ्या भावांनी २००५ मध्ये रंगवलेला पिवळा माणूस आहे. या शहरात कोणतेही चित्र कायमचे नसल्यामुळे जाण्यापूर्वी अलीकडची छायाचित्रे पाहून खात्री करून घ्यावी.

तिथून काही मिनिटांवर कुव्रीश्ट्रासे आहे, आणि माझ्या दृष्टीने दिवसातला सर्वांत महत्त्वाचा थांबा हाच, जरी तिथे पाहायला आता काहीच उरलेले नाही. नदीकाठच्या मोकळ्या भूखंडाशेजारील दोन भिंतींवर ब्लूने २००७ आणि २००८ मध्ये दोन प्रचंड चित्रे केली होती. एकात दोन आकृती एकमेकींचा मुखवटा ओढत होत्या, दुसऱ्यात टाय सावरणाऱ्या, डोके नसलेल्या माणसाच्या मनगटांवरची सोन्याची घड्याळे साखळीने जोडून बेड्या झाली होती. ही चित्रे शहराची ओळख बनली, पोस्टकार्डांवर आली, आणि त्यांच्यामुळेच तो परिसर अधिक हवाहवासा वाटू लागला. भूखंडावर झोपड्या टाकून राहणाऱ्या लोकांना २०१४ मध्ये हटवण्यात आले आणि तिथे बांधकामाच्या योजना पुढे सरकल्या. त्याच वर्षी डिसेंबरच्या एका रात्री, ब्लूच्या संमतीने, त्याच्या सहकाऱ्यांनी दोन्ही भिंती काळ्या रंगाने झाकून टाकल्या. घरभाडी वाढवून जुन्या रहिवाशांना हुसकावणाऱ्या विकासाची जाहिरात आपल्या चित्राने होऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. कोणी याला आत्मनाश म्हणेल, कोणी हट्ट. मला ती त्या चित्रांची अखेरची आणि सर्वांत नेमकी ओळ वाटते. आता तिथे नवे बांधकाम आहे. जुनी छायाचित्रे फोनवर काढून त्या कोपऱ्यावर पाच मिनिटे उभे राहावे आणि मगच पुढे जावे.

उरलेल्या वेळात यू-१ या मेट्रो मार्गाची उन्नत रेल्वे स्कालित्सर श्ट्रासेवरून ज्या मार्गाने जाते, त्याच्या कडेने कोटबुसर टोअरच्या दिशेने चालावे. ओरानियनश्ट्रासेच्या टोकाशी बेल्जियन चित्रकार रोआ याचे उलटे लटकलेले, मेलेले प्राणी आहेत. हा चित्रकार प्राणीच रंगवतो, आणि काळ्या-पांढऱ्याच्या पलीकडे फार थोडा रंग वापरतो. मारियानेनश्ट्रासेवर व्हिक्टर आश याचा अंतराळवीर (२००७) आहे. साच्यातून मारल्यासारखा दिसणारा हा काळा-पांढरा आकार सुमारे २२ मीटर उंच आहे, म्हणजे छताच्या कडेपर्यंतची अख्खी भिंत त्याने भरली आहे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या अंतराळस्पर्धेचा संदर्भ विभागलेल्या बर्लिनमध्ये वेगळा सांगावा लागत नाही.

आणखी कुठे

हाकेशर मार्क्ट स्थानकाजवळ रोझेनटालर श्ट्रासे ३९ येथे ‘हाउस श्वार्त्सेनबर्ग’चे अंगण आहे. आजूबाजूच्या सर्व इमारती चकचकीत झाल्या, हे अंगण मात्र मुद्दाम जसेच्या तसे ठेवले आहे आणि त्याच्या भिंतींवर कागद, साचे आणि स्प्रे यांचे थर बसलेले आहेत. इथे येऊन फक्त भिंती पाहून परतू नये. याच अंगणात ओटो वाइट याच्या ब्रश बनवण्याच्या कारखान्याचे संग्रहालय आहे. नाझी काळात त्याने अंध आणि कर्णबधिर ज्यू कामगारांना इथे नोकरी देऊन वाचवण्याचा प्रयत्न केला. अॅन फ्रँक केंद्रही इथेच आहे, आणि जिमी सी या चित्रकाराने ठिपक्यांच्या पद्धतीने केलेले तिचे हसरे चित्र भिंतीवर आहे. त्या दोन जागा पाहून पुन्हा अंगणात आले की तेच चित्र दुसऱ्या नजरेने पाहिले जाते.

श्योनेबर्ग भागात ब्यूलोश्ट्रासे ७ येथे ‘अर्बन नेशन’ हे रस्त्यावरील कलेचे संग्रहालय सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. प्रवेश विनामूल्य आहे, आणि आसपासच्या घरांच्या दर्शनी भिंतींवरही मोठी चित्रे आहेत. या उपक्रमामागे शहरातील एका मोठ्या गृहनिर्माण कंपनीने स्थापन केलेले प्रतिष्ठान आहे, म्हणजे इथे भिंतीचा मालकच यजमान आहे. कुव्रीश्ट्रासे पाहून इथे आल्यास फरक ठळक होतो. चित्रे देखणी, कौशल्याने केलेली, आणि मालकाला अडचण होईल असे त्यांत फारसे काही आढळत नाही. एवढ्यावरून त्यांना कमी लेखू नये. मात्र पैसा कोणाचा हे कळल्यावर काय रंगवले गेले नाही याकडेही लक्ष जाते.

माउअरपार्क या उद्यानातील जुन्या भिंतीच्या तुकड्यावर कोणालाही स्प्रे मारण्याची मुभा आहे. चित्र घडताना पाहायचे असेल तर हीच जागा. रंगाचे इतके थर चढले आहेत की काही ठिकाणी काँक्रीटऐवजी रंगाचीच जाड साल हाताला लागते. रंगवणाऱ्याशी बोलायला हरकत नाही, पण काम थांबलेले असताना बोलावे. टॉयफेल्सबर्ग ही युद्धातील ढिगाऱ्याची टेकडी आणि तिच्यावरचे शीतयुद्धकालीन टेहळणी केंद्र शहराच्या पश्चिम कडेच्या जंगलात आहे, तिकीट लागते आणि अर्धा दिवस जातो. वेळ असेल तरच जावे.

वार, ऋतू आणि पायाखालची वाट

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. शटरवरची चित्रे दिसतात ती शटर खाली ओढलेले असतानाच, म्हणून ओरानियनश्ट्रासे आणि तिच्या आजूबाजूच्या गल्ल्यांसाठी रविवारची सकाळ राखून ठेवावी. माउअरपार्कला मात्र रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारामुळे मोठी गर्दी असते. उन्हाळ्यात प्रकाश रात्री नऊनंतरही असतो, पण झाडांच्या पानांआड काही भिंती झाकल्या जातात. हिवाळ्यात भिंती उघड्या, पण डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. दोन्हींचा विचार करता एप्रिलचा पहिला पंधरवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो.

वर पाहत मागे सरकण्याची सवय या शहरात धोक्याची आहे. पदपथाला लागून, बऱ्याचदा पदपथावरच, सायकलींची पट्टी असते आणि सायकलस्वार वेगात येतात. मागे जाण्यापूर्वी वळून पाहावे. रेल्वेचे कागदी तिकीट प्रवास सुरू करण्यापूर्वी यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर खिशात तिकीट असूनही ६० युरोंचा दंड होतो.

शक्य असल्यास पहिला दिवस स्वतःचा स्वतः फिरून झाल्यावर दुसऱ्या दिवशी माहितगाराबरोबरची पायी फेरी घ्यावी. उलट क्रमाने केल्यास आपण फक्त दाखवलेले तेवढेच पाहतो. फेरीत विचारण्यासारखा चांगला प्रश्न म्हणजे, ‘यांपैकी कोणती चित्रे परवानगीने झाली आणि कोणती नाही?’ याचे नेमके उत्तर देणारा माणूस बाकीचेही बहुधा नीट सांगतो.

कायदा आणि सौजन्य

परवानगीविना रंगवणे हा जर्मनीत गुन्हा आहे. २००५ मध्ये दंडसंहितेत बदल करून दुसऱ्याच्या वस्तूचे रूप लक्षणीय आणि टिकाऊ रीतीने बदलणे हेच शिक्षापात्र ठरवण्यात आले, भिंतीची मोडतोड झाली पाहिजे अशी अट उरली नाही. दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून ईस्ट साइड गॅलरीवर आपले नाव लिहिण्याचा मोह टाळावा, आणि स्प्रे मारून पाहायची हौस असेल तर माउअरपार्क किंवा एखादी कार्यशाळा निवडावी.

सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या आणि तिथे कायम राहण्यासाठी असलेल्या कलाकृतींची छायाचित्रे काढून प्रसिद्ध करायला जर्मन कायदा मोकळीक देतो. ही मोकळीक रस्त्यावरून दिसणाऱ्या दृश्यापुरती आहे. ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांना ती लागू नाही, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२४ मध्ये दिला, आणि संग्रहालयाच्या आतील चित्रांना त्या त्या संस्थेचे नियम लागू होतात. रंगवणाऱ्या माणसाचा चेहरा न विचारता टिपू नये, समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नये, कारण त्याच्यासाठी तो पुरावा ठरू शकतो. राहत्या घरांच्या अंगणात दार उघडे दिसले तरी शिरू नये. सुटत आलेला पेस्ट-अप सोलून आठवण म्हणून नेणेही अयोग्य. हवेच असेल तर अनेक चित्रकार आपल्या कामांचे छापील नग विकतात, ते घ्यावेत आणि पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून हातसामानात आणावेत.

वहीत काय लिहावे

केवळ छायाचित्रे काढून परतल्यास महिनाभरात सर्व भिंती एकमेकींत मिसळतात. प्रत्येक महत्त्वाच्या चित्राची तीन छायाचित्रे घ्यावीत : रस्ता आणि शेजारच्या इमारतींसह लांबून, पूर्ण चित्राचे समोरून, आणि रेषेची कड दिसेल असे अगदी जवळून. वहीत रस्त्याचे नाव, तारीख, भिंत कोणत्या प्रकारची, तंत्राविषयीचा आपला अंदाज, सही असल्यास ती, आणि चित्रावर नंतर कोणी काय लिहिले किंवा चिकटवले आहे हे नोंदवावे. हे शेवटचे पुष्कळजण वगळतात, पण एखाद्या राजकीय चित्रावर कोणी काय खोडले हे पाहिले की परिसरातली भांडणे कळतात. ईस्ट साइड गॅलरीतील ग्युंटर शेफर याचे ‘फाटरलांट’ हे जर्मन आणि इस्रायली ध्वज एकत्र आणणारे चित्र वारंवार विद्रूप केले गेले आणि त्याने ते पुन्हा पुन्हा दुरुस्त केले.

संध्याकाळी खोलीवर परतल्यावर चित्रकाराचे नाव आणि रस्ता टाकून त्याच भिंतीची जुनी छायाचित्रे शोधावीत. चित्र कधी आले, त्याआधी तिथे काय होते, मध्ये ते किती बदलले, हे बहुतेक वेळा सापडते. आपला तंत्राचा अंदाज चुकला असेल तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन कड पुन्हा पाहावी. क्रॉइत्सबर्गमधील बहुतेक भिंती एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तेव्हा ही दुसरी फेरी एका सकाळीत सहज होते.